अर्धलीची म्हैस

नवरात्र उठलं की माझ्या नाकाला अजून खरवसाचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग डोक्यात सणक जाते. वास कुठून येतो, देव जाणे. मी आता सातव्या मजल्यावर राहते. इथं गोठा सोडाच, कुणाच्या गॅलरीत कबुतर बसलं तरी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडते. पण आश्विनातलं ते पांढरट ऊन पडलं, सकाळी अंगाला जरा गार लागलं, की मला म्हशी व्यायल्याचा वास येतो. ओला, गोडसर, थोडा रक्ताचा, थोडा गुळाचा. मग शेवंता आठवते आणि दिवस फुकट जातो.

यंदा कोजागरीच्या सकाळी मुलीनं फोनवरून दूध मागवलं. काचेची बाटली आली. गळ्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर म्हशीचं चित्र. म्हैस हसत होती. माझं निम्मं आयुष्य म्हशींत गेलं, पण हसणारी म्हैस मी पहिल्यांदा पाहिली. मी किंमत विचारली, मुलीनं सांगितली, आणि मी होते तिथं बसले.

"एवढ्यात आम्ही पेंडीचं पोतं आणायचो!"

"आई, प्युअर आहे. डायरेक्ट फार्मवरून येतं. लोणी काळभोर साइडला आहे कुठंतरी."

लोणी काळभोर म्हटल्यावर माझा आवाज चढला. "भाव कमी करायला सांग त्याला."

"कुणाला?"

"ज्यानं पाठवलं त्याला."

"आई, ॲप आहे ते. ॲपला काय सांगू?"

जगात अशी एक वस्तू निघाली आहे जी भाव सांगते आणि समोर तोंडच ठेवत नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही. ज्या बाईनं खडकी बाजारातल्या पेंडवाल्याला भर दुपारी रडकुंडीला आणलं, तिनं आता एका काचेला बोट लावायचं आणि मुकाट्यानं दूध प्यायचं.

आमचे हे दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. पगार वेळेवर यायचा आणि वेळेआधी संपायचा. क्वार्टर्सच्या मागं, मुळा नदीच्या बाजूला एकाची पडीक जागा होती. ती मी भाड्यानं घेतली, वर पत्रे टाकले आणि एक म्हैस आणून बांधली. तेव्हा शेजारणी नाकाला पदर लावायच्या. वर्षभरात त्याच शेजारणी पातेली घेऊन माझ्या दारात उभ्या राहायला लागल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते सांगत नाही, उगाच दृष्ट लागते. आता लागायला काही उरलेलं नाही, पण सवय. मला कुणी शिकवलं नाही, कुणी कर्ज दिलं नाही. जे मिळवलं ते बोलून मिळवलं. भुसा विकणारा म्हणायचा, "बाई, तुमच्याशी बोलण्यापेक्षा पोतं फुकट दिलेलं परवडलं." मी म्हणायची, "मग द्या की."

भाद्रपद सरता सरता म्हशी व्यायला लागायच्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा. म्हैस आधी खायचं सोडते. मग शेपटी वर धरून जागच्या जागी वळत राहते, मागं वळून स्वतःच्या कुशीकडं बघते, कुणी हाक मारल्यासारखी. पारडू पडलं की त्याच्या अंगातून वाफ निघते. आई चाटते त्या जिभेचा खरखर आवाज गोठाभर ऐकू येतो. आपण मात्र पारडूमागची वार पडेपर्यंत हलायचं नाही, कारण डोळा चुकवून म्हैस ती खाऊन टाकते. मग तिला बाजरी शिजवून, गूळ आणि सुंठ घालून कोमट घाटा द्यायचा. आणि पहिला चीक काढायचा, पिवळाधमक, बोटाला चिकटणारा. त्या दिवसांत क्वार्टर्समध्ये एकही घर असं नसायचं जिथं माझ्या गोठ्यातला खरवस शिजला नाही. वेलदोडा मी द्यायची नाही. चीक दिला एवढं पुष्कळ झालं.

शनिवार पेठेत एक मिठाईवाले होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. कोजागरीला त्यांच्याकडं मसाला दुधाची मोठी मागणी असायची आणि ते दूध माझं. दादा माप बघताना चष्मा कपाळावर न्यायचे.

"सुमनबाई, पाणी घातलं असेल तर आत्ताच सांगा. आम्हाला पुन्हा घालायचे कष्ट नकोत."

"दादा, तुमच्या बासुंदीतलं दूध दाखवा, मी माझ्या दुधातलं पाणी दाखवते."

असं आमचं चालायचं. कोजागरीच्या आधी दूधभट्टीवर, म्हणजे दुधाच्या घाऊक बाजारात, लिलाव चढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात भाव छापून यायचा आणि पेठांमधले लोक तो वाचून हळहळायचे. हळहळ दुधाच्या भावाची. म्हशीची, चाऱ्याची, शेण काढणाऱ्या हातांची हळहळ करायला कुणाला सवड होती? शहराला वाटतं, दूध पिशवीतून येतं. त्याआधी वाटायचं, गवळ्याच्या किटलीतून येतं. ते येतं उसाच्या वाढ्यातून, सरकीच्या पेंडीतून, ज्वारीच्या कडब्यातून, माणूस जे तोंडात घालू शकत नाही अशा सगळ्या गोष्टींतून. म्हैस ते रात्रंदिवस चघळते आणि आपल्या कपात ओतते. हे मी गोठ्यात बसून कितीदा पाहिलं, तरी दर वेळी थक्क व्हायची.

शहरातल्या गोठ्याची एक अडचण असते. दुभती म्हैस परवडते, पण वगार, म्हणजे म्हशीचं वाढतं मादी वासरू, परवडत नाही. ती तीन-चार वर्षं नुसती खाते. खडकीत प्रत्येक पेंढी विकत घ्यायची; नुसत्या खाणाऱ्या तोंडाला कुठून घालणार? म्हणून आम्ही गोठेवाले वगारी खेड्यात अर्धलीनं द्यायचो. ही जुनी रीत. जनावर आमचं, वैरण आणि मेहनत त्यांची. वगार पहिल्यांदा व्यायली की तिची किंमत ठरवायची आणि अर्धी अर्धी वाटून घ्यायची. किंमत ठरवायची पद्धत मोठी नामी होती. मालकानं भाव सांगायचा. सांभाळणाऱ्यानं फक्त "घेतो" किंवा "देतो" म्हणायचं. घेतो म्हटलं, तर सांगितलेल्या भावाचा निम्मा त्यानं मालकाला द्यायचा आणि म्हैस ठेवून घ्यायची. देतो म्हटलं, तर मालकानं निम्मा भाव मोजायचा आणि म्हैस घेऊन जायची. चार माणसांसमोर एकदा भाव तोंडातून गेला की माघार नाही. ज्यानं ही रीत काढली तो हुशार असणार. भाव पाडून सांगावा तर दुसरा घेऊन बसेल, चढवून सांगावा तर आपल्यालाच जास्त मोजावे लागतील.

कागदावर ही हुशारी खरी. प्रत्यक्षात मी इतकी वर्षं अर्धलीचा व्यवहार केला आणि खेड्यातल्या एकाही माणसानं "घेतो" म्हटलेलं ऐकलं नाही. म्हणणार कुठून? उसाचं बिल वर्षातून एकदा, तेही येण्याआधी वाटलं गेलेलं. हातात रोकड कुणाच्याच नसायची. सगळे "देतो" म्हणायचे, निम्मे पैसे घ्यायचे आणि मी म्हैस टेंपोत चढवायची. मग मी भाव बेतानं सांगायची. बाजारात जो आहे त्याच्या बराच खाली. कुणी मला लुच्ची म्हणेल. म्हणू दे. गोठा चालवून दाखवा आणि मग म्हणा.

शेवंता लोणी काळभोरची. माझ्याच वयाची, काटक, हसली की पुढचा तुटका दात दिसायचा. नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला, थोडा ऊस, विहिरीत वाटा. तिला मी माझ्या सगळ्यात चांगल्या म्हशीची वगार दिली होती, चंद्री. कपाळावर पांढरा टिळा, शिंगं कानाजवळ वळलेली. दिली तेव्हा शेवंतानं तिचं तोंड उघडून बघितलं, कास चाचपली, पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "आक्का, ही तुमाला पुन्ना वळखू येनार न्हाई."

आणि खरंच आली नाही. दरवर्षी मी एकदोनदा सोलापूर रस्त्यानं लोणीला चक्कर मारायची. प्रत्येक वेळी माझा जीव सुखानं थोडा हादरायचा. उसाच्या वाढ्यावर आणि लसूणघासावर ती अशी सुटली होती की काळं पॉलिश केल्यासारखी चमकायची. शेवंता तिला विहिरीवर नेऊन नारळाच्या काथ्यानं घासायची. "माज्या लेकीला एवढी घासली न्हाई," म्हणायची. मी मनात हिशेब करायची: ही व्यायली की माझ्या गोठ्याचं नाक होईल. दादांची कोजागरी एकटी भागवेल.

त्या चकरांमध्ये एक गोष्ट मी बघत होते. सरकारनं दूधधंदा मोकळा केल्यावर खासगी डेअऱ्या गावोगाव निघाल्या होत्या. लोणीत रस्त्याला लागून एक पत्र्याची खोली उभी राहिली, आत स्टीलची थंड टाकी. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन रांगेत. एक पोरगा मशिनमध्ये चमचाभर दूध घालून फॅट सांगायचा. दर दहा दिवसांनी पैसे. टँकर यायचा, टाकी रिकामी करून पुण्याला जायचा. मला ते दिसत होतं, पण आपला काय संबंध, असं वाटायचं. तिकडं शहरात संगणकाच्या कंपन्या येत होत्या, दाराशी बसगाड्या पोरांना उचलून नेत होत्या. त्याच्याशीही माझा काय संबंध होता? नवीन पोरंही दूध पिणारच, एवढंच मी धरून चालले होते.

चंद्री नवरात्रात व्यायली. निरोप आला तसा मी नवं दावं घेतलं, टेंपो ठरवला, पदराला पैसे बांधले आणि लोणीला गेले. दादांना आदल्याच दिवशी सांगून आले होते, "यंदा कोजागरीला असं दूध देते की तुम्ही आटवायच्या आधीच खुर्ची टाकून पीत बसाल." ते म्हणाले होते, "बसू. खुर्ची आमचीच आहे."

शेवंताच्या अंगणात चंद्री उभी होती. पायाशी पारडी, तिच्याही कपाळावर टिळा. कास अशी की मागचे पाय फाकवून उभं राहावं लागत होतं. मी बघत राहिले. मग स्वतःला सावरलं आणि तोंड वाकडं केलं, कारण जनावर आवडलं हे चेहऱ्यावर दिसलं की भाव वाढतो. शेवंतानं खरवस पुढं ठेवला. साक्षीला गावातले तात्या आले होते, जनावरांच्या प्रत्येक सौद्याला त्यांना बोलवायची पद्धत. ते खरवस खात म्हणाले, "बोला सुमनबाई, तुमचा मान."

मी चंद्रीभोवती एक फेरी मारली. "मागचा एक सड जरा बारीक वाटतो. पहिलं वेत आहे, किती देईल काय माहीत. शिवाय टेंपोचा खर्च." असं म्हणत म्हणत मी भाव सांगितला. नेहमीसारखाच बेतानं. थोडा जास्तच बेतानं.

तात्यांचा चमचा थांबला. त्यांनी शेवंताकडं बघितलं. मी दावं सोडायला लागले होते.

"घेते," शेवंता म्हणाली.

मला वाटलं, ती खरवसाची वाटी घेते म्हणते आहे. मी एका हातानं वाटी तिच्याकडं सरकवली.

"वाटी न्हवं आक्का. म्हस घेते."

माझे हात दाव्यावर तसेच राहिले. कानात घूं आवाज यायला लागला. कारखान्यात सायरन वाजतो तेव्हा क्वार्टर्समधली माणसं जिथं असतील तिथं थबकतात, तशी मी थबकले. ती घरात गेली आणि निम्मे पैसे घेऊन बाहेर आली. चुरगळलेल्या नोटा नव्हेत, बँकेतून काढलेल्या, अजून कडक. त्या तिनं तात्यांच्या हातात दिल्या.

"हे कुठून आणलेस?" माझ्या तोंडून गेलं.

"दुधाचं. दोन म्हशींचं घालतीया डेअरीला. दर धा दिसाला साठतं थोडं थोडं."

"मला बोलली नाहीस!"

"तुमी इचारलं न्हाई." आणि दात दाखवून हसली. चिडवायला नव्हे, खरीखुरी खुशीनं हसली. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी तात्यांकडं वळले. "तात्या, हे असं नसतं! मी दावं घेऊन आलेय. टेंपो उभा आहे. पुण्यात लोकांना शब्द दिलाय."

तात्या म्हणाले, "भाव कुणी सांगितला?"

"मी."

"मंग घे म्हनायचा हक्क कुनाचा?"

खरवस वाटीत तसाच टाकून निघाले. चंद्रीनं माझ्याकडं मान वळवली सुद्धा नाही. ती वैरण खात होती, माणसांचं काय चाललंय याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

रिकामा टेंपो हडपसरपर्यंत असा खडखडत होता की ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, माल कुठाय?" मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. घरी आल्यावर गोठ्यात नव्या म्हशीसाठी रोवलेला खुंटा उपटून टाकला. दादांची कोजागरी चुकवली नाही. दूधभट्टीवर उभी राहून चढ्या बोलीनं दूध उचललं आणि शब्द पाळला. दादा म्हणाले, "सुमनबाई, दूध चांगलं आहे. तुमचं नाही." मी म्हटलं, "पैसे द्या." त्या आश्विनात आमच्या गोठ्यात तीन म्हशी व्यायल्या, पण मला एकीचाही वास आठवत नाही. फक्त लोणीच्या अंगणातला तो खरवस आठवतो, जो मी खाल्ला नाही.

हे मला म्हणाले, "तू भाव सांगितलास, तिनं घेतलं. चिडायचं काय?" मी त्यांना बरेच दिवस बिनदुधाचा चहा दिला. तेही बिचारे पीत राहिले. कारखान्यात शिस्त असते.

दिवाळीनंतर शेवंता खडकीला आली. दारात उभी, हातात वाढ्याची मोळी, माझ्या म्हशींसाठी. "आक्का, यंदा वगार हाय का द्यायला? अर्धलीनं?"

मी ओरडले. सगळ्या क्वार्टर्समधली माणसं बाहेर आली. "चोर आहेस तू! माझी म्हैस गिळलीस आणि वर दुसरी मागायला आलीस?"

तिचा चेहरा पडला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. तिनं मोळी खाली ठेवली, पदरानं मान पुसली. "गिळली कशी? तुमीच भाव सांगितला, म्या घेटली. जास्त सांगितला असता तर दिली असती की." मग म्हशींकडं बघून म्हणाली, "ह्यास्नी वाढं घाला. वाटंत वाळाय लागलंय." आणि गेली. म्हशींनी ती मोळी अशी खाल्ली की मला त्यांचाही राग आला.

त्या पुढच्या उन्हाळ्यात जागेच्या मालकानं सांगितलं, गोठा काढा. जागा बिल्डरला दिली. संगणकवाल्या मुलांसाठी उंच इमारती. मी भांडले, ओरडले, थोडी भरपाई काढली; पण आजूबाजूचे सगळेच गोठे उठत होते. सगळे एकदम विकायला निघाले की गिऱ्हाईक पाय पसरून बसतं. दुभत्या म्हशी व्यापाऱ्यांनी कशाबशा नेल्या. उरल्या चार. गाभण होत्या, पण त्या घटकेला आटलेल्या. भाकड म्हशीची किंमत व्यापारी जिवंत जनावर बघून करत नाही, नुसतं वजन बघतो. त्यानं एकेकीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि असा भाव सांगितला की मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. या म्हशींनी माझ्या मुलीची फी भरली होती. तिला कॉम्प्युटर घेऊन दिला होता.

निरोप शेवंताचाच आला. "माज्याकडं बांधा. व्यायल्यावर बगू."

मला ते नको होतं. पण व्यापाऱ्याचा टेंपो दारात उभा होता. मी चारी म्हशी लोणीला पाठवल्या. ठरलं असं की भाकड किंमत माझी, व्यायल्यावर जी वाढेल ती अर्धी अर्धी. गोठा मोकळा झाला त्या दिवशी पत्र्याखाली उभी राहिले तर माझाच श्वास मोठा ऐकू आला. इतकी वर्षं त्या जागेत शांतता म्हणून नव्हतीच.

मी मात्र स्वस्थ बसले नव्हते. भरपाईचे पैसे बाजूला ठेवले. लोणीच्या अलीकडं एक जागा बघून ठेवली, पत्र्याच्या शेडसकट. ओळखीतला एक डेअरीवाला तयार केला, जो व्यायलेल्या म्हशींचं दूध रोख घेईल. मग मनाशी बेत केला. या खेपेला भाव मी सांगायचाच नाही. शेवंतालाच सांगायला लावायचा. ती पाडून बोलली की मी म्हणणार "घेते", आणि चारी म्हशी तिच्या अंगणातून काढून माझा गोठा पुन्हा उभा करणार. चढवून बोलली की "देते" म्हणून तिचे पैसे मोजून घेणार. दोन्हीकडून तीच सापडणार. मी महिनोन्‌महिने तो एक शब्द तोंडात घोळवत होते.

आश्विन आला. म्हशी व्यायल्या. मी गेले. तात्या आले. अंगणात आता पत्र्याचा नवा गोठा होता, चंद्री दुसऱ्यांदा व्यायलेली, तिच्या पलीकडं माझ्या चौघी. मी त्यांना ओळखलं नाही. भाकड म्हणून पाठवलेल्या, हाडं दिसणाऱ्या म्हशी. आता त्यांच्या पाठी रुंद झाल्या होत्या, डोळे ओले, टपोरे. माझ्या गोठ्यात त्या अशा कधीच नव्हत्या. मी विकत घेतलेल्या पेंढीवर त्यांना नुसतं जगवलं होतं, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

"तात्या, भाव हिलाच सांगू दे," मी म्हणाले. "सांभाळलं तिनं, तिचा मान."

तात्यांनी भुवया उंचावल्या. शेवंतानं हात पदराला पुसले. एकेका म्हशीपाशी गेली, पाठीवर हात ठेवला, क्षणभर उभी राहिली. फेरी मारली नाही, सडाची खोड काढली नाही, टेंपोचं नाव काढलं नाही. मग परत येऊन भाव सांगितला.

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. वाटेत येताना मी मनात जो खरा भाव धरला होता, कुणालाही न सांगितलेला, तोच. ना वर, ना खाली. घेते म्हटलं तरी माझा फायदा नाही, देते म्हटलं तरी नुकसान नाही.

"बोला सुमनबाई," तात्या म्हणाले. "घेता का देता?"

मला बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा सौद्यात मला बोलता येईना. शेवटी मी तिलाच विचारलं, "असा का सांगितलास?"

"मंग कसा सांगू?" ती म्हणाली. "तुमाला न्यायच्या असतील तर न्या. ठिवायच्या असतील तर माज्याकडं ऱ्हाऊ द्या. मला दोन्ही चालतंय."

मी चौघींकडं बघितलं. शेड ठरली होती, पैसे होते, टेंपोही सांगून ठेवला होता. "घेते" म्हटलं असतं तर संध्याकाळी माझा गोठा पुन्हा उभा राहिला असता, विकतच्या पेंढीवर.

"देते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती पैसे आणायला आत गेली. मी ते घेतले, बाहेर आले आणि रस्त्यावर येईपर्यंत मागं बघितलं नाही. त्यानंतर मी म्हैस बांधली नाही. मुलगी शिकली, संगणकाच्या कंपनीत लागली, आम्ही वर राहायला आलो. शेवंताचं काय झालं, मी विचारत नाही. पण दरवर्षी या दिवसांत मी तो भाव पुन्हा काढून बसते. म्हशींचं वय लावते, वेत लावते, त्या सालचा पेंडीचा दर, कडब्याचा दर, डेअरीचा फॅट. उलटा लावते, सुलटा लावते. कुठंतरी तिनं मला गंडवलं असणार, असा सौदा होतच नाही, असं स्वतःला बजावते. अजून काही सापडलेलं नाही. आणि हेच मी तिला माफ करू शकत नाही. माणसानं समोरच्याला निदान भांडायला तरी जागा ठेवावी.